रोह्यांचा तुकडा

रविवार, ६ एप्रिल
ता. अकोट

रागिणी,

पेराले आली तेव्हा मोठ्या हौसेनं तिफणीमागं सरता धरला, त्याच्या नळीतून दाणे सोडले, आन् दुसऱ्या दिवशी तांबडं फुटत नाही तं पहिल्या यष्टीत बसून पळाली. पेरलं ते उगवलं का नाही हे पाहाले तं थांबतं का नाही माणूस? पावण्यासारखी आली, पावण्यासारखी गेली. जाताना मामाजीच्या पाया पडली, माह्या पडली, दोन डाव पडली. तेव्हाच मले वाटलं का पोट्टीचं काहीतरी बिनसलं. फोन केला तं दहा डावात एक डाव उचलते. उचलला तं "हो आई, हो आई" म्हणते आन् ठेवून देते. म्हणून कागद लिहून राहिली. कागदावर हो हो म्हणून ठेवून देता येत नाही.

मी चौथी शिकली हे तुले माहीत हाय. हासू नोको. शेजारच्या गंगूबाईची भावना तुह्या राजापेठातच क्लास करते. सोमवारी जाते, शनिवारी येते. तिच्या हाती हे देऊन राहिली, तिच्याच हाती उत्तर देजो. ती म्हणे, काकू मी लिहून देऊ का? म्हटलं, माह्या सुनेसंग भांडाले मले वकील लागत नाही.

आता ऐक. रोह्यांचा तुकडा उगवला. ज्वारी वीतभर झाली. तू सरत्यानं टाकलेली चवळी, आपली बरबटी, तं ज्वारीच्या आधी वर आली. तुह्या हाताचं उगवते, हे मी मामाजीले म्हटलं. ते हूं म्हणाले. पोरगं गेलं त्याले वर्ष होत आलं, ते हूंच म्हणून राहिले.

दर तिसऱ्या दिवशी पाणी देते. पहाटे लाईट राहते तेव्हा मी पाण्याचे दांड फोडते, ते मोटर पाहतात. परवा वावराच्या धुऱ्यावरून दोघं जण ओरडले, "काकू, अंकुररावचं लंगर यंदाही चालू का?" म्हटलं, चालू हाय बाप्पा, तुमी बी या, पंगत मोठी हाय, शिंगवाले आधी बसतील मंग तुमी. तोंड घेऊन गेले. त्याईले काय सांगू? उन्हाळ्यात डोंगरात खायले राहत नाही, मंग हे रोही, तू नीलगाई म्हणते ते, खाली उतरते, संत्र्यात घुसते, केळीत घुसते, मंग हे कुत्रे सोडतात. नाल्याकाठी एक एकर त्याईच्या नावानं पेरलं तं ते वर चढत नाही, एवढी साधी गोष्ट अंकुरनं तीन वर्षं करून दाखवली. यांच्या केळी वाचल्या तेव्हा लंगर नाही आठवलं.

आन् तुही मैना रोही येऊन गेली. मोटरच्या डोहाजवळ उभी होती, फाटक्या कानाची. पोट खाली आलं तिचं. वैशाखात वासरू देईन.

अक्षयतृतीयेले अंकुर गेल्यावरची पहिली घागर हाय. घागर भराले त्याच्या बायकोचा हात पाहिजे. तू आदल्या दिवशीच येजो. उशीर केला तं मी घ्याले येईन.

आई

•

शुक्रवार, ११ एप्रिल
राजापेठ, अमरावती

आई, नमस्कार.

भावनाने पत्र दिलं. क्लासच्या काउंटरवर उभं राहूनच वाचलं आणि मग आत जाऊन पुन्हा वाचलं. तुमचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं मी. चांगलं आहे.

फोन न उचलण्याबद्दल रागवू नका. सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत. सकाळपासून पालक येतात, एकाच वेळी चार जण बोलतात, आणि आमचे सर काउंटरवर फोन वापरू देत नाहीत. घरी येते तेव्हा बोलायचं त्राण राहत नाही. मम्मी म्हणते, तू तर तोंडाला कुलूपच लावलं.

आई, एक गोष्ट लिहू का? तुम्ही त्या तुकड्याबद्दल लिहिता तेव्हा मला ज्वारी दिसत नाही. मला त्यांची टोपी दिसते, दांडात पडलेली. मोटर जळाली होती, तर दोन दिवस थांबले असते. रोह्यांसाठी भर दुपारी डोक्यावर पाण्याचे गुंड वाहायची काय गरज होती? डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. मी म्हणते त्या एकराने त्यांना नेलं. आणि आता तुम्ही त्याच दांडात उभ्या राहता. यंदा तर अकोल्याचा पारा रोज बातम्यांत येतो. दुपारी जाऊ नका. मामाजींनाही जाऊ देऊ नका. रक्तदाबाची गोळी घेता ना? त्या डबीवर मी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं आहे.

मैना गाभण आहे हे वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

घागरीला यायचा प्रयत्न करते.

तुमची
रागिणी

•

रविवार, २० एप्रिल

रागिणी,

प्रयत्न करते म्हणजे काय? यष्टी अमरावतीहून निघते, अकोटले येते, तिथून ऑटो आपल्या फाट्यावर येते. त्यात प्रयत्न कायचा? बसाचं आन् उतराचं.

टोपीचं लिहिलं. टोपी मी उचलली. धुतली नाही. त्याच्या खोलीत खुंटीले टांगून हाय. तुले पाहिजे तं घेऊन जाय, नसली पाहिजे तं तिकडे पाहू नोको, पण ती तिथंच राहीन.

आन् एकरानं नेलं असं पुन्हा लिहू नोको. वावर माणसाले मारत नाही. उन्हानं मारलं, आन् ऊन राजापेठातही पडते. तू म्हणते गरज काय होती. मले काय माहीत काय गरज होती! तुह्या लग्नाच्या आधीची गोष्ट, पाटलाच्या पडक्या विहिरीत रोह्याचं पिल्लू पडलं, तं हा घरातली बाज घेऊन गेला. बाजेच्या चारी पायाले दोर बांधून खाली सोडली, स्वतः उतरला, ते पिल्लू बाजेवर बांधून वर काढलं. माही नवी नेवारीची बाज! कान फाटलेला होता त्याचा. मी म्हटलं, बाज तुहा बाप विणीन का? तं म्हणे, आई, ते रडत होतं. आता रोही कुठं रडते? पण याले ऐकू आलं. असा होता. तुले मी काय सांगू, तू तं पाच वर्षं निजली त्याच्याजवळ.

हा तुकडा मी पडीत टाकला तं तो कायच्या पायी गेला? सांग. विनाकारण गेला म्हणू का मी लोकाले?

काम ऐक. विहीर खाली चालली. मामाजीनं मोटर अजून हातभर खाली सोडली. पहिले दोन तास चाले, आता अर्ध्या तासात हवा ओढते. ज्वारी मांडीएवढी झाली, पण दुपारी पाह्यलं तं पानाच्या सुरळ्या होतात. बरबटी दम धरून हाय, फुलं आली. भोवताल बोराटीचं कुंपण पक्कं करून ठेवलं, कारण कणसं बाहेर पडल्याशिवाय आत जनावर सोडाचं नाही. तुले अंकुरनं सांगतलंच असंन. पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीले किराळ राहते, ते जहर हाय. आन् सुकलेल्या ज्वारीवर पाणी पडून जे हिरवे कोंब फुटते, ते तं सगळ्यात वाईट. गोड लागते, जनावर तोंड काढत नाही, आन् तिथंच पडते. एकदा कणसं आले का मंग काही नाही. म्हणून रोज फेरी मारते कुंपणाले. मैना बाहेरून पाहते मले. जशी काही मीच कंजूस.

अजून एक. गुरुवारी तुह्या मायले फोन लावला. सिंधूबाई म्हणे, रागिणी खरेदीले गेली. वैशाखाच्या तोंडावर कायची खरेदी, ते बी उन्हाचं? मी विचारलं तं त्या म्हणे, आवाज येत नाही. माहा आवाज तं नाल्यापलीकडे जाते. खरं सांग, तुह्या माहेरचे तुले राबवून राहिले का? काउंटरवर उभी, घरी उभी, वरून बाजारही तुलेच? त्याईले म्हणा, पोरीले सासर हाय. तुही खोली झाडून ठेवली. पलंगावरची गादी उन्हात घातली. तुह्या कपाटाले मी हात लावला नाही.

घागरीले सगळं मीच आणते. तू नुसती ये.

आई

•

शनिवार, २६ एप्रिल

आई,

भावना निघते आहे म्हणून घाईत लिहिते. घागरीला येता येणार नाही. ताप आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. मला कोणी राबवत नाही, मम्मीवर राग धरू नका.

घागर तुम्हीच भरा. त्यांना तुमच्या हातचं जास्त आवडायचं.

रागिणी

•

रविवार, ४ मे

रागिणी,

ताप उतरला का? आधी ते सांग. कोणता ताप हाय? रक्त तपासलं का? राजापेठात डॉक्टर ढीगभर हाय, एकाच्या गोळीनं नाही उतरला तं दुसरा पाहाचा. साबुदाण्याची पेज पी. कांदा जवळ ठेव. मागच्या पत्रात मी जास्त बोलली. बिमार माणसाले बोलली याचं मले वाईट वाटून राहिलं, पण तू आधी सांगतलं असतं तं मी नसती बोलली.

घागर भरली. नवी घागर, वाळा टाकला, वर खरबूज ठेवलं. आमरस केला, पोळ्या केल्या, कुरड्या तळल्या. तुह्या जागेवर मी बसली. मामाजीनं नाव घेतलं आन् पाणी सोडलं. मंग त्याईच्यानं उठवेना. मी म्हटलं, उठा, पोरगं उपाशी राहीन. तेव्हा उठले. घागरीतलं पाणी मी तुळशीले नाही घातलं. तुकड्यात नेलं, तू पेरलेल्या पहिल्या तासाच्या ओळीले घातलं. एका घागरीनं एक एकर भिजत नाही हे मले बी समजते.

कारण विहीर गेली. बुधवारी मोटर लावली तं नुसता चिखल आला. मामाजी वाकून पाहत राहिले, मी त्याईचा सदरा धरून उभी. ज्वारी मांडीएवढी होऊन वाळली, कागदासारखी वाजते. बरबटी मात्र वाचली, खाली शेंगा लागल्या. आन् काल काय झालं तं एकदम वावधन आलं. अवकाळी. टिनं उडाले, गंगूबाईचा गोठा बसला, मंग पाणी पडलं धो धो. लोकं खुश, का गारवा झाला. मी नाही. आता त्या वाळल्या ज्वारीच्या बुडातून कोंब फुटतीन. पाऊस थांबल्यावर गेली आन् आडवं झालेलं कुंपण दोघांनी मिळून पुन्हा उभं केलं. हात सोलले बोराटीनं. आता आठ-पंधरा दिवस मी तिथून हालत नाही. मैना व्यायली हो. काल नाल्यात वासरू दिसलं, सशासारखे कान.

ज्वारी उपटून का टाकत नाही, असं मामाजी म्हणे. पहिल्यांदा काही बोलले. मी म्हटलं, रागिणीनं पेरली, रागिणी येऊ द्या, तिले एकदा उभी पाहू द्या, मंग उपटू. तं ते पुन्हा हूं.

शनिवारी भावनाजवळ दोन ओळी देजो. दोन नसल्या तं एक. ताप उतरला, एवढं.

आई

•

शुक्रवार, १६ मे

आई,

रविवारी पाहुणे गेल्यावर मम्मीने फाटकाच्या कडीला लावलेली पिशवी आत आणली. म्हणाली, कोणी भाजीवाला विसरला वाटते. मी गाठ पाहिली. डबल गाठ मारून वर पदराची चिंधी बांधलेली. आत बरबटीच्या शेंगा, आणि माझ्या तापाच्या कडू गोळ्यांसाठी म्हणून असेल, एका कागदात साखर.

तुम्ही फाटकापर्यंत आल्या आणि परत गेल्या. आत माझं साक्षगंध चालू होतं.

आता लपवायचं काही उरलं नाही. मला ताप नव्हता. घागरीच्या दिवशी पाहुण्यांकडच्या बाया शालू पाहायला येणार होत्या. चैत्रात मी खरेदीला गेल्याचं मम्मी म्हणाली, ती ह्याचीच. तुमच्या मागच्या पत्राला मी तीन वेळा उत्तर लिहायला बसली. "ताप उतरला" एवढंच लिहायचं होतं. ते खोटं मला दुसऱ्यांदा लिहवलं नाही, आणि खरंही लिहवलं नाही. भावनाला रिकाम्या हाताने पाठवलं.

त्यांचं नाव गोपाल. परतवाड्याला शाळेत शिकवतात. पहिली बायको बाळंतपणात गेली. मुलगी आहे, स्वराली, चार वर्षांची. त्यांच्या आई आजारी आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाई. मी म्हटलं होतं, वर्ष होऊ द्या. पप्पा म्हणाले, साक्षगंध तर करून घेऊ, लग्न १५ जूनला. मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली असं लिहिलं तर तेही खोटं होईल.

आई, होळीनंतर मी पेरायला आलीच नव्हती. हेच सांगायला आली होती. यष्टीत बसून वाक्यं जुळवली. घरात पाय ठेवला तर तुम्ही म्हणाल्या, "आली का? चाल, तिफण उभी हाय," आणि माझ्या हातात सरता दिला. त्याच वेळी तुम्ही सांगितलं, आपल्या घरात सरता परक्या बाईच्या हाती देत नाही. मी बरबटी सोडत तिफणीमागे चालत राहिली. प्रत्येक तासाच्या टोकाला ठरवलं, वळली की सांगते. तास संपत गेले. सगळा एकर पेरून झाला आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून पहाटे पळाली.

मला तुमच्याकडून शिव्या ऐकायच्या आहेत. त्या लिहा. पण काहीच न लिहिता राहू नका.

खाली काय लिहावं कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

रागिणी

•

रविवार, १८ मे

रागिणी,

शिव्या मागितल्या. थांब. आधी सांगाचं ते सांगू दे, मंग शिव्या.

पिशवी माहीच. शनिवारी भावना आली, मी फाट्यावर उभी होती. ती खाली पाहून म्हणे, काकू, ताईनं काही देलं नाही. मले वाटलं, पोरगी दवाखान्यात भरती हाय आन् हे सगळे लपवून राहिले. भावनालेही माहीत होतं तं! तिनंही तोंड शिवून घेतलं. रातभर माह्या डोळ्याले डोळा नाही. सकाळी शेंगा तोडल्या, मामाजीले म्हटलं कुंपण पाहजा, आन् निघाली. अंकुर गेल्यापासून मी अकोटच्या पुढं गेली नव्हती.

तुमच्या फाटकाबाहेर ही चपलांची रास. मले वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. मंग आतून बायाच्या हासण्याचा आवाज आला तेव्हा जीवात जीव आला. खिडकीतून दिसलं. तू पाटावर बसून होती, अंगावर हिरवं लुगडं, मांडीवर लहानी पोरगी. ती तुह्या नाकातल्या खड्याले हात लावत होती आन् तू हासत होती. वर्षभरात मी तुले हासताना पाह्यलं नव्हतं. आमच्या घरी तू ओठ हालवत होती, ते हासणं नव्हतं, हे मले तिथं उभ्या उभ्या समजलं. आत आली असती तं ते हासणं बंद पडलं असतं. म्हणून कडीले पिशवी लावली आन् निघाली. समोरच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, "मावशी, साक्षगंधाले आल्या का? घर हेच हाय." म्हटलं, नाही बाप्पा, मी पत्ता चुकली.

घरी आली आन् भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस उठली नाही. मामाजीले वाटलं मलेही ऊन लागलं. कैरीचं पन्हं करून आणलं, कसं केलं देव जाणे, नुसतं मीठ. डोक्यावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसले. जागचे हालले नाही. एकदा म्हणे, "वच्छला, तू बी जाशीन का?" आन् रडले. पोरगं गेलं तेव्हा नाही रडले ते. तरी मी त्याईले सांगतलं नाही का मले ऊन नाही लागलं.

त्या दोन दिवसांत वावरात कोणी गेलं नाही. रविवारीच संध्याकाळी पुन्हा वावधन येऊन गेलं होतं. मी यष्टीत होती, मले माहीत. टिनं वाजत होते ते ऐकलं. कुंपण मनात आलं नाही. माह्या मनात फकस्त तू हासत होती.

बुधवारी गंगूबाई दारातून ओरडली, "वच्छला, तुह्या तुकड्यावर घारी उतरून राहिल्या." तशीच पळाली. नाल्याकडचं कुंपण उडून गेलं होतं, दारासारखी वाट पडली. आतले कोंब सगळे खुडलेले, कवळे कवळे, वर वर. आन् मधात मैना पडून. पोट फुगलेलं, तोंडाले फेस वाळलेला. तोंडात अजून ज्वारीचा कोंब होता. अजून एक हरीण धुऱ्याजवळ. मैनेचे पाय तुह्या बरबटीच्या तासात होते. बरबटी नाही खाल्ली तिनं, कोंबच खाल्ले. गोड लागते ना.

त्यानं विहिरीतून काढली ती माह्या वावरात मेली. त्यानं ज्या तुकड्यासाठी जीव देला त्या तुकड्यानंच तिले मारलं. हे मी कोणाले सांगू? त्याले सांगू? खुंटीवरच्या टोपीले सांगू? बुधवारपासून त्या खोलीत गेली नाही मी.

वासरू वाचलं. दुधावर हाय म्हणून. नाल्यापलीकडे उभं होतं, येते, थांबते, पळून जाते, पुन्हा येते. आमी खड्डा खोदला तेव्हा पाहत होतं. मामाजीच्यानं खोदवत नव्हतं, तं ते लंगरवाले दोघं फावडे घेऊन आले. आल्या आल्या खोदाले लागले. गंगूबाईनं मैनेले हळद-कुंकू लावलं, आन् तिच्या फाटक्या कानावर पदर टाकला. नव्या लुगड्याचा, फाडून. मंग माती लोटली.

आता शिव्या घे. तू खोटारडी हाय. तोंडावर "हो आई" म्हणणारी, पाया पडून पळणारी, ताप म्हणून सांगणारी. तुह्या एका ओळीसाठी मी घर सोडलं, आन् मैना गेली. हे तुह्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. म्हणते बी. बुधवारी तं सगळंच तुह्या नावानं म्हटलं, मोठ्यानं, वावरात उभं राहून. मंग आठवलं का ज्वारी उपटा असं मामाजी म्हणे, आन् मीच ठेवली, तुले दाखवाले. तूही थोडी, मीही थोडी, ऊन आन् वारा थोडा. वाटून घेऊ.

पण लग्नाचं तू काहून लपवलं? मी तुले कधी म्हटलं का, माह्या लेकाच्या नावानं जन्म काढ? नाही म्हटलं. तुही खोली झाडत होती, गादी उन्हात घालत होती, तेच म्हणणं झालं ना? तेवढं मलेही समजते. तोंडावर सांगतलं असतं तं मी रडली असती, भांडली असती, तुले जेवू घातलं नसतं एक वेळ. मंग जेवू घातलं असतं. वर्षाले पंधरा दिवस राहिले होते, तेवढे थांबली असती तं बरं होतं. पण त्या पोरीची आजी थांबत नसंन तं ते बी खरंच हाय. म्हातारं माणूस आन् लहान लेकरू, दोघंही थांबत नाही.

लग्न कर. त्या लहानीले नीट पाहजो. तिच्या वेण्या घट्ट घालू नोको, तुही सवय हाय.

आता काम. वाळली ज्वारी आन् ते कोंब, मी आन् मामाजीनं गुरुवार-शुक्रवार बुडापासून उपटले आन् जाळून टाकले. एक कोंब ठेवला नाही. बरबटी ठेवली. वासरू आता तिच्याकडे तोंड करून राहिलं. आज सकाळी दोन पानं खाऊन पाहिली त्यानं, थुंकली, पुन्हा खाल्ली. विहिरीत अवकाळीचं पाणी उतरलं. जमिनीत ओल हाय, ती येत्या रविवारपर्यंत राहीन, पुढं नाही. म्हणून रविवारी पंचवीसले रिकाम्या जागेत फकस्त बरबटी आन् मूग पेराचा हाय. ज्वारी त्या तुकड्यात आता जन्मात नाही. पंचवीसलेच अंकुरले जाऊन वर्ष होते. तिफण सांगून ठेवली.

सरता माह्याजवळ हाय. परक्या बाईच्या हाती तो देत नाही, हे मी म्हटलं ते खरं, आन् आजही तेच म्हणते. माह्या सासूनं मले देला, मी तुले देला. पंधरा जूनपासून तू दुसऱ्या घरची सून, मंग सून म्हणून तो तुह्या हाती येत नाही. मी चार दिवस इचार करून राहिली. लेकीच्या हाती देता येते. माही नणंद मैनाबाई माहेरी येऊन सरता धरे, तिचं लग्न होऊन वीस वर्षं झाले होते, तरी कोणी तिले परकी म्हटलं नाही. तिच्याच नावानं अंकुरनं रोह्याचं नाव ठेवलं. मले लेक नाही. तुले माय हाय, हे मले माहीत हाय, सिंधूबाईचं मी काही घेत नाही. पण बाईले दोन माहेर असले तं कोणाचं काय जाते?

तं सांग. लेक म्हणून रविवारी सरता धरशीन का नाही? हो म्हणशीन तं गोपालरावले आन् लहानीले संग घेऊन ये, मी पुरण घालीन. टोपी खुंटीवरच राहीन, ती मी लपवणार नाही, त्याईले आधी सांगून आणजो. मंग पंधरा तारखेले मी मांडवात मुलीकडून येईन, चोळी-बांगडी घेऊन, आन् कोणाच्या बापाले भिणार नाही. नाही म्हणशीन तं नाही म्हण. मंग तो सरता मी चुलीत घालीन आन् हातानं दाणे टाकत जाईन, वाकडे पडले तं वाकडे. पण प्रयत्न करते असं लिहू नोको. ताप हाय असं लिहू नोको. फोन करू नोको.

शनिवारी भावना पाचच्या यष्टीनं येते. मी फाट्यावर उभी राहीन. त्या पोरीचा हात मले रिकामा नाही पाहिजे.

वच्छला